महाविद्यालयीन स्तरावरील बालमानसशास्त्राचे अध्ययन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
बालमानसशास्त्र व बालविकास हा विषय कला शाखेत मानसशास्त्र, गृहअर्थशास्त्र आणि शिक्षणशास्त्र अशा तीन वाटांनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. मात्र त्यातील सिद्धांत, मापनसाधने आणि उदाहरणे यांचा विद्यार्थ्यांच्या परिसरातील बालकांशी संबंध जोडला जातोच असे नाही. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्यातील भाषिक व सामाजिक वास्तव समोर ठेवून या विषयाच्या अध्ययन-अध्यापनाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. विशेषतः बुद्धिमापन कसोट्यांचा वापर, निरीक्षणपद्धती आणि क्षेत्रकार्यातील नैतिकता या तीन बाबींवर भर दिला आहे.

बीजसंज्ञा : बालविकास, बुद्धिमापन, मानके, मातृभाषा, निरीक्षण, क्षेत्रकार्य, संशोधन नैतिकता.

१. प्रस्तावना

बालकाचा शास्त्रीय अभ्यास ही तुलनेने अलीकडची घटना आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या नोंदींवर आधारलेला लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध केला आणि जर्मनीत विल्हेल्म प्रेयरचा बालमनावरील ग्रंथ १८८२ मध्ये आला. तेव्हापासून हा विषय स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून आकाराला येऊ लागला. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठात १९५० मध्ये असा विभाग स्थापन झाला. विदर्भापुरते बोलायचे तर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे संत गाडगे बाबांचे नाव धारण केलेल्या अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात यवतमाळ जिल्हा येतो.

यवतमाळ हा १६ तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात कोलाम, गोंड, परधान समाजाची वस्ती आहे. पुसद, दिग्रस, महागाव परिसरात बंजारा तांडे आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक होय. त्यामुळे येथील महाविद्यालयाच्या वर्गात 'बालक' हा शब्द उच्चारला की त्याचे एकच एक चित्र विद्यार्थ्यांसमोर उभे राहत नाही, आणि राहूही नये. विद्यार्थ्यांपैकी अनेक जण स्वतः पोडावरून, तांड्यावरून किंवा कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या गावातून आलेले असतात. त्यांच्या हाती दिलेल्या पुस्तकातील बालक मात्र बहुधा जिनिव्हाचे किंवा बाल्टिमोरचे असते. हे अंतर कसे समजून घ्यावे व कसे कमी करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. विषय कोणत्या वाटांनी येतो

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा विषय विकासात्मक मानसशास्त्र म्हणून येतो. तेथे जन्मपूर्व अवस्थेपासून पौगंडावस्थेपर्यंतचे टप्पे आणि सिद्धांत यांना प्राधान्य असते. गृहअर्थशास्त्रात तो बालविकास व कौटुंबिक संबंध या रूपात येतो. आहार, संगोपन, लसीकरण, बालवाडी व्यवस्थापन या उपयोजित बाजूंवर तेथे भर असतो. शिक्षणशास्त्रात राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या आराखड्यानुसार दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात बाल्यावस्था व वाढ यांवरील पाठ्यविषय समाविष्ट झाला.

या तिन्ही वाटा एकाच बालकाकडे जातात. परंतु एकाच महाविद्यालयात असूनही या विभागांचे परस्परांशी बोलणे क्वचितच होते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला अवधान व स्मृती ठाऊक असते, पण रक्तक्षयाचा अवधानावर होणारा परिणाम तो गृहअर्थशास्त्राचा भाग समजतो. गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला पूरक आहार ठाऊक असतो, पण भरविताना होणाऱ्या संवादातून भाषा घडते हे तिला वेगळ्या विषयातील वाटते. बालविकास हा मूलतः बहुविद्याशाखीय विषय आहे, याची जाणीव अध्यापनाच्या पहिल्या तासिकेपासून देणे आवश्यक ठरते.

३. सिद्धांत आणि परिसर

ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांची बोधात्मक विकासाची उपपत्ती विद्यार्थी चार अवस्था म्हणून पाठ करतात : जन्म ते २, २ ते ७, ७ ते ११ आणि ११ वर्षांपुढे. वयाची ही चौकट परीक्षेत गुण मिळवून देते. मात्र पियाजे यांचा मूळ मुद्दा वयाचा नसून विचाराच्या बदलत्या रचनेचा होता. दुसऱ्या अवस्थेतील प्रतीकात्मक खेळ समजावून सांगताना विदर्भातील शिक्षकाला दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून दारोदार नेणारे बालक एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू कल्पित असते. त्याआधी अंगणात एखाद्या काडीला दोरी बांधून तिला 'बैल' म्हणणारे तीन वर्षांचे मूल हेच अधिक स्पष्टपणे दाखविते, कारण त्या काडीत बैलाचे काहीही साम्य नसते.

अवस्थांचे वय सर्वत्र सारखेच असते काय, या प्रश्नाचे उत्तर संस्कृतिसापेक्ष अभ्यासांतून मिळते. मेक्सिकोतील कुंभार कुटुंबांतील मुलांचा अभ्यास प्राइस-विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, ही जाण कुंभारांच्या मुलांत त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा आधी दिसून आली. हाताखालचा अनुभव विचाराला गती देतो, असा त्याचा अर्थ होतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या ५ मुलांचा कॅराहेर, कॅराहेर व श्लीमन यांचा अभ्यास (१९८५) याहून बोलका आहे. गाड्यावर ग्राहकाशी व्यवहार करताना या मुलांची ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिली तेव्हा हे प्रमाण ७३.७ टक्के झाले आणि केवळ अंकांच्या रूपात मांडली तेव्हा ते ३६.८ टक्क्यांवर आले. मुले तीच होती व गणितही तेच होते. केवळ प्रसंग बदलला होता.

आठवडी बाजारात आईच्या शेजारी बसून भाजीचे पैसे अचूक परत करणारी मुलगी आणि वर्गात वजाबाकीत 'कच्ची' ठरलेली मुलगी एकच असू शकते, हे यवतमाळ, वणी किंवा पांढरकवड्याच्या बाजाराशी परिचित असलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे. वायगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी मांडलेली निकट विकास क्षेत्राची संकल्पना येथे उपयोगी पडते. मूल आज एकट्याने काय करू शकते, एवढेच न पाहता जाणत्याच्या साहाय्याने ते काय करू शकते हे पाहणे म्हणजे त्याच्या विकासाकडे पाहणे होय.

४. मापनसाधने : धारवाड, नागपूर, बडोदा

प्रात्यक्षिकात बुद्धिमापन कसोटी देणे हा विद्यार्थ्यांच्या आवडीचा भाग असतो. ही साधने आपल्याकडे कशी आली, याची माहिती मात्र प्रात्यक्षिक वहीत सहसा नसते.

बिने व सिमाँ यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली पहिली श्रेणी तयार केली. तिच्या स्टॅनफर्ड आवृत्तीचे कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी अनुकूलन व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे केले. त्यावरील त्यांचा लेख १९३४ मध्ये आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत' या नावाने ही कसोटी आजही परिचित आहे. मराठी मुलांच्या भाषेत कसोटी असावी हा विचार त्या काळी धाडसाचा होता, याची नोंद घेतली पाहिजे.

दुसरे नाव विदर्भाच्या अधिक जवळचे आहे. नागपूर येथील बालमार्गदर्शन केंद्रात आर्थर मालिन यांनी वेश्लर यांच्या बालबुद्धिमापन श्रेणीचे भारतीय अनुकूलन केले. १९६९ च्या सुमारास पुढे आलेली ही 'मालिन श्रेणी' ६ ते १५ वर्षे वयोगटासाठी असून तीत ६ शाब्दिक व ५ कृतिमूलक अशा ११ उपकसोट्या आहेत. व्हाइनलंड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे 'नागपूर अनुकूलन'ही मालिन यांचेच. तिसरे साधन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील बालविकास विभागाचे. प्रमिला फाटक यांनी बेले श्रेणीच्या आधारे भारतीय शिशूंसाठी विकास मूल्यमापन श्रेणी सिद्ध केली. १ ते ३० महिन्यांच्या बालकांसाठी तीत ६७ कारक व १६३ मानसिक घटक आहेत.

या तिन्ही साधनांचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. परंतु विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी समजून घ्यावयास हव्यात.

पहिली बाब मानकांच्या वयाची. जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मधील लेखांतून दाखविले की अनेक देशांत बुद्धिमापन कसोट्यांवरील सरासरी कामगिरी पिढीगणिक वाढत गेली आहे. अमेरिकेत ही वाढ दर दशकाला सुमारे ३ गुण इतकी होती. याचा अर्थ असा की, जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्धिगुणांक प्रत्यक्षापेक्षा अधिक येण्याची शक्यता असते. ज्या मुलाला खरोखर मदतीची गरज आहे ते मूल यामुळे 'सामान्य' ठरून निसटू शकते.

दुसरी बाब भाषेची व अनुभवाची. कसोटीची भाषा मुलाच्या घरची नसेल तर गुण प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा कमी येतात. ज्या मुलाला कोणतीही अडचण नाही ते यामुळे 'मंद' ठरू शकते. या दोन चुका विरुद्ध दिशांच्या आहेत म्हणून त्या परस्परांना छेदून जातात, असा समज विद्यार्थ्यांत होण्याची शक्यता असते. तो चुकीचा आहे. पहिल्या चुकीचा बळी एक मूल असते आणि दुसऱ्या चुकीचा बळी दुसरे. सरासरीत चूक दिसेनाशी झाली तरी त्या दोन मुलांच्या आयुष्यात ती तशीच राहते.

५. घरची भाषा, शाळेची भाषा

भाषेचा प्रश्न केवळ आदिवासी बालकांचा नाही. मराठी घरातील बालकालाही तो भेटतो. समजा, परीक्षकाने भाज्यांची चित्रे दाखविली. उत्तरतालिकेत 'कोथिंबीर' आहे आणि मुलाने 'सांबार' म्हटले. फळाच्या चित्रात 'कलिंगड' अपेक्षित आहे आणि मुलाने 'टरबूज' म्हटले. यवतमाळच्या बाजारात ही दोन्ही उत्तरे शंभर टक्के बरोबर आहेत. परीक्षक विदर्भाबाहेरचा असेल, किंवा विदर्भातील असूनही पुस्तकी मराठीलाच शुद्ध मानणारा असेल, तर तो शून्य गुण देईल. 'कायले' म्हणणाऱ्या मुलाने 'कशाला' म्हटले नाही, म्हणून त्याचे आकलन कमी ठरत नाही. वऱ्हाडी बोलणे म्हणजे मराठी न येणे नव्हे, हे आपल्या विद्यार्थ्यांना वर्गातच उमगले पाहिजे. कारण त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःची बोली महाविद्यालयाच्या दारात सोडून आत येण्याची सवय लावून घेतलेली असते.

कोलामी व गोंडी भाषक बालकाची स्थिती याहून वेगळी आहे. या दोन्ही भाषा द्रविड कुळातील आहेत; त्यामुळे मराठीशी त्यांचे नाते बोली व प्रमाणभाषा यांच्यातील नात्यासारखे नाही. सहाव्या वर्षी शाळेत येणारे कोलाम मूल एका अर्थाने परक्या भाषेत प्रवेश करीत असते. बंजारा तांड्यावरील गोरमाटी मराठीप्रमाणेच आर्यभाषा कुळातील असली, तरी घरी गोरमाटी ऐकणाऱ्या मुलालाही पहिल्या वर्षी दुहेरी ओझे वाहावे लागते. परक्या भाषेच्या वर्गात काही मुले आरंभीचे काही महिने जवळजवळ मौन पाळतात. द्विभाषिक बालकांच्या अभ्यासात हा मौनकाळ सुपरिचित आहे. या काळात मूल ऐकत असते, जुळवाजुळव करीत असते. नेमक्या याच काळात त्याच्यावर 'बोलत नाही', 'लक्ष नाही' असा शेरा बसण्याचा धोका अधिक असतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मातृभाषा असावे असे म्हटले आहे (कलम २९). राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही पायाभूत स्तरावर घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. धोरण आणि पोडावरील वर्ग यांना जोडणारी व्यक्ती ही बहुधा आपल्याच महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असते. म्हणून हा मुद्दा पदवीच्या वर्गात येणे अगत्याचे आहे.

६. निरीक्षण : आपल्या परंपरेतील एक वाट

कसोट्यांच्या मर्यादा लक्षात घेतल्या की निरीक्षणाचे महत्त्व वाढते. महाराष्ट्राला या बाबतीत समृद्ध वारसा आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांचे विवाहानंतर काही काळ अमरावतीत वास्तव्य होते. पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये नेण्यात आले.

मूल शाळेत येत नाही, तर ते त्या वेळी कोठे असते, असा प्रश्न त्यांनी विचारला. मूल अंगणात धाकट्या भावंडाला सांभाळते असे दिसले, तेव्हा अंगणवाडी उभी राहिली. ते कुरणात गुरे राखते असे दिसले, तेव्हा कुरणशाळा निघाली. मुलाला दोष न देता परिस्थितीचे निरीक्षण करणे आणि त्यानुसार व्यवस्था बदलणे, हे उपयोजित बालमानसशास्त्राचे आजही उत्तम उदाहरण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांद्वारे एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळच्या खेड्यात आई दिवसभर शेतात असते. तान्हे मूल आजीकडे किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे असते. आसक्तीबंधाची उपपत्ती शिकविताना बोल्बी यांचा १९५१ चा अहवाल आणि मेरी एन्सवर्थ यांचे प्रयोग सांगावेतच. पण सोबत हेही विचारावे की, येथे मुलाचा आधार एकच व्यक्ती आहे की अनेक? आणि जी बहीण आधार बनली आहे, तिच्या स्वतःच्या बाल्याचे काय? असे प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतात. ते निरीक्षणातून सुचतात.

७. क्षेत्रकार्य आणि नैतिकता : शोकग्रस्त घरातील बालक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी स्तरावर क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. ही संधी स्वागतार्ह आहे. परंतु आपल्या जिल्ह्यात तिच्यासोबत एक विशेष जबाबदारी येते.

शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात यवतमाळचे नाव देशभर घेतले जाते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होते. साहजिकच प्रकल्पासाठी विषय निवडताना 'आत्महत्याग्रस्त कुटुंबातील मुलांच्या समस्या' हा विषय विद्यार्थ्यांना लवकर सुचतो. अंतर्गत गुणांसाठी तयार केलेली प्रश्नावली घेऊन विद्यार्थी त्या घरात जातो आणि दहा वर्षांच्या मुलाला वडिलांविषयी विचारतो. उत्तरे लिहून घेऊन तो परत येतो. त्या रात्री त्या घरात काय घडते, हे प्रकल्प अहवालात कधीच येत नाही.

मृत्यूविषयीची बालकाची समज टप्प्याटप्प्याने घडते. मेलेले माणूस परत येत नाही, प्रत्येकाला मृत्यू आहे आणि मृत्यूनंतर शरीराचे सर्व व्यापार थांबतात, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारणपणे ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान उमगतात, असे स्पीस व ब्रेंट यांनी १९८४ मध्ये उपलब्ध अभ्यासांच्या आधारे मांडले. त्याआधीच्या वयातील मुलाला 'बाबा गावाला गेले' असे सांगितले, तर ते बाबांची वाट पाहते. शाळकरी वयातील मूल अनेकदा स्वतःलाच दोषी धरते. आपण नवे दप्तर मागितले म्हणून असे झाले, असा अर्थ ते लावू शकते. सत्य त्याच्या वयाला पेलेल अशा साध्या शब्दांत सांगणे, ते वारंवार विचारील तेव्हा पुन्हा सांगणे, त्याचा दोष नाही हे स्पष्ट करणे आणि शाळा, जेवण, खेळ यांचा नित्यक्रम शक्य तितका टिकविणे यांतून त्याला आधार मिळतो. हे ज्ञान आपल्या विद्यार्थ्यांना असले पाहिजे. मात्र ते ज्ञान असणे म्हणजे त्या घरात प्रश्नावली घेऊन जाण्याचा अधिकार असणे नव्हे.

म्हणून पदवी स्तरावरील प्रकल्पात शोकग्रस्त बालकाची थेट मुलाखत नसावी, असे आग्रहपूर्वक सुचवावेसे वाटते. पालकांची संमती ही आवश्यक अट आहे. ती पुरेशी अट नाही. मुलाचा होकारही हवा आणि 'नको' म्हणण्याची मोकळीकही हवी. गावात 'सरांचे विद्यार्थी' म्हणून आलेल्यांना नाही म्हणणे पालकांना अवघड जाते, याचे भान ठेवावे. अहवालात गाव, आडनाव व कुटुंबाची अशी तपशीलवार माहिती नसावी, जिच्यावरून मूल ओळखता येईल. क्षेत्रकार्यात एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराची बाब सांगितली, तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील कलम १९ नुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हे विद्यार्थ्यांना क्षेत्रात जाण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक प्रकल्प वहीच्या पहिल्या पानावर असावेत.

८. अध्यापनासाठी काही सूचना

१) प्रत्येक विद्यार्थ्याने एका सत्रात एकाच बालकाचे, आठवड्यातून एकदा अर्धा तास निरीक्षण करावे. नोंदवहीत 'काय दिसले' आणि 'त्याचा मी लावलेला अर्थ' असे दोन रकाने स्वतंत्र ठेवावेत. 'मूल हट्टी आहे' हे वाक्य पहिल्या रकान्यात बसत नाही, हे उमगणे हीच शास्त्राची पहिली पायरी होय.

२) बुद्धिमापन कसोटी प्रात्यक्षिकात शिकवावी, परंतु प्रात्यक्षिकासाठी आलेल्या बालकाचा गुणांक पालकांना, शिक्षकांना किंवा बालकाला सांगू नये. विकासातील विलंबाची शंका आल्यास २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाद्वारे तपासणीसाठी पाठविण्याची पद्धत विद्यार्थ्यांना माहीत करून द्यावी.

३) अहवालात बालकाची घरची भाषा, कसोटीची भाषा व वापरलेल्या मानकांचे वर्ष या तीन नोंदी अनिवार्य कराव्यात.

४) कोलामी, गोंडी, गोरमाटी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांकडून अंगाईगीते, खेळ, नात्यांची संबोधने यांचे संकलन करून घ्यावे. वर्गात जो विद्यार्थी मागे बसतो, तोच येथे जाणकार ठरतो.

५) मानसशास्त्र, गृहअर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांनी वर्षातून किमान एक प्रकल्प संयुक्तपणे हाती घ्यावा.

९. समारोप

बालमानसशास्त्र शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे विद्यार्थी मानसशास्त्रज्ञ होतील. बहुसंख्य विद्यार्थी शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, पोलीस आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माता-पिता होतील. त्यांच्या एका शेऱ्याने एखाद्या मुलाची शाळा सुटू शकते आणि त्यांच्या एका समंजस निरीक्षणाने ती टिकूही शकते. धारवाड, नागपूर, बडोदा व कोसबाड येथील अभ्यासकांनी आपापल्या काळातील आणि परिसरातील बालकाकडे पाहून आपली साधने घडविली. त्यांची साधने जशीच्या तशी वापरीत राहणे हा त्यांच्या कार्याचा गौरव नव्हे. आपल्या समोरच्या बालकाकडे त्यांच्याच जिज्ञासेने पाहणे, हे यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयाचे कार्य आहे, आणि त्यासाठी लागणारे विद्यार्थी आपल्या वर्गात आधीच येऊन बसलेले आहेत.